मलमाचे आठवडे, पाण्याची वीस मिनिटं

मलमाची ट्यूब साधारण चौथ्या दिवशी कपाटात जाते. पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी आठवेल तसं, तिसऱ्या दिवशी आरशासमोर बारीक निरीक्षण आणि चौथ्या दिवशी निकाल: काही उपयोग नाही. मग कधीतरी हातावर उकळतं पाणी सांडतं, आणि घरातलं कुणीतरी नळ सोडून त्याच कपाटाकडे धावतं. ज्या औषधाला सहा आठवडे द्यायचे त्याला आपण तीन दिवस देतो, आणि ज्या हाताला वीस मिनिटं वाहतं पाणी हवं त्याच्यासाठी ट्यूबचं झाकण उघडत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कातडीच्या दुखण्यांत दोन घड्याळं चालू असतात, एक आठवड्यांचं आणि एक मिनिटांचं. चुकीचं औषध निवडल्यामुळे होणारं नुकसान मोठं असतंच, पण चुकीच्या घड्याळाकडे बघितल्यामुळे होणारं त्याहून मोठं असावं असं मला वाटतं.

आधी आठवड्यांचं घड्याळ. ‘मलम लागू पडलं नाही’ म्हणण्याआधी एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न विचारायचा: लावलं किती? गोळीचं बरं असतं. ५०० मिलिग्रॅमची गोळी गिळली की ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं. मलमाचा डोस मात्र बोटावर ठरतो आणि बोट ज्याच्या त्याच्या मर्जीने चालतं. म्हणून १९९१ साली लाँग आणि फिनले यांनी बोटाच्या पेराचं माप मांडलं. ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटरचं असेल, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या रेषेपर्यंत बसणारी मलमाची वळी साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. तळवा धरताना बोटंही त्यात धरायची.

चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं. एका हाताला तीन, पंजाला दोन्ही बाजूंनी मिळून एक. एका पायाला सहा, पावलाला दोन. छाती-पोटाला सात, पाठ आणि कुल्ल्यांना सात. बेरीज चाळीसच्या आसपास जाते, म्हणजे सगळ्या अंगाला एका वेळेला २० ग्रॅम, आणि दिवसातून दोनदा लावलं तर आठवड्याला २८० ग्रॅम. आता दोन्ही पाय पावलांसकट इसबाने भरलेल्या माणसाला १५ ग्रॅमची ट्यूब मिळाली तर? दोन वेळा नीट लावली की ती त्याच दिवशी संपते. तीच ट्यूब महिनाभर पुरली असेल, तर मलम नापास झालेलं नाही, ते परीक्षेलाच बसलेलं नाही. लहान मुलांसाठीही पेर मोठ्या माणसाचंच धरायचं, फक्त संख्या कमी: तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या एका पायाला पावलासकट दीड पेर.

प्रमाणानंतर जागा. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे दाह कमी करणारं स्टेरॉईड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या आतल्या बाजूला १ धरलं, तर तळपायाला ०.१४, डोक्याच्या कातडीला साडेतीन, कपाळाला ६, जबड्याला १३ आणि अंडकोषाच्या कातडीला ४२. एकच मलम, एकच माणूस, आणि तळपाय ते अंडकोष यांत तीनशे पटींचा फरक. टाचेच्या सोरायसिससाठी दिलेलं मलम उरलं म्हणून चेहऱ्यावर किंवा जांघेत लावू नये, याचं कारण या आकड्यांत आहे. ‘नुसतं वरून तर लावायचं’ हा दिलासाही फसवा असतो. १९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या टाल्कम पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांहून जास्त मिसळलं गेलं. लंगोटाखालच्या ओलसर, सोललेल्या कातडीतून ते आत गेलं. दोनशेहून अधिक मुलं आजारी पडली, ३६ दगावली.

ट्यूबवरचा टक्क्यांचा आकडाही असाच दिशाभूल करणारा. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सर्वांत सौम्य स्टेरॉईडांपैकी एक, आणि क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के सर्वांत जहालांपैकी. वीस पटींनी लहान आकडा आणि कितीतरी पटींनी जास्त जोर. टक्केवारी फक्त मिसळलेलं वजन सांगते. रेणू किती ताकदीचा आहे याबद्दल ती गप्प असते. त्यावर कडी म्हणजे नावांचं साधर्म्य. क्लोबेटासोन ब्युटिरेट ०.०५ टक्के मध्यम गटातलं, क्लोबेटासोल प्रोपिओनेट ०.०५ टक्के अतितीव्र गटातलं. एका अक्षराची चूक आणि पोराच्या गालावर भलतंच काही लागतं. अतितीव्र स्टेरॉईड आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि सलग वापर सहसा दोन आठवड्यांवर नेऊ नये. स्टेरॉईडांची ही उतरंड ठरवायची पद्धत मजेशीर आहे. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी दाखवलं की स्टेरॉईड लावलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी पांढुरकी पडते; जेवढी पांढरी, तेवढं तीव्र. आजही नव्या मलमाला या कसोटीतून जावं लागतं.

मात्र पांढरी पडलेली निरोगी कातडी आणि बरा झालेला इसब यांत अंतर आहे. ते कापण्यासाठी चाचण्या लागतात, आणि मलमांच्या चाचण्यांत एक खास अडचण असते. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी म्हणून निरुपद्रवी पिठी देता येते. मलमाच्या चाचणीत औषध काढून घेतलं तरी उरतो तो आधार, म्हणजे पेट्रोलियम जेली, तेलं, पाणी, ग्लिसरीन, यांचं मिश्रण. हा आधार स्वतःच औषध असतो. कोरड्या, भेगाळलेल्या कातडीवर तो ओलावा धरून ठेवतो आणि खाज कमी करतो. म्हणून मलमाची तुलना ‘काहीच न लावणं’ याच्याशी केलेली असेल, तर तो निकाल बाजूला ठेवावा. तुलना हवी ती त्याच आधाराशी, त्याच डब्यात, त्याच वासाची, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कुणालाच न कळता.

समजा, औषधी मलमाने शंभरातले ४० बरे झाले आणि नुसत्या आधाराने २५. जाहिरात ४० टक्क्यांची होते. औषधाची खरी कमाई १५ची, म्हणजे साधारण सात जणांना मलम दिलं तर एक जास्तीचा माणूस बरा. हा आकडा वाईट आहे असं नाही. पुष्कळ चांगली औषधं अशीच असतात. फक्त सातातले बाकीचे सहा जण ‘माझ्यावर तर काहीच झालं नाही’ किंवा ‘मी तर नुसत्या व्हॅसलीननेही बरा झालो असतो’ असं म्हणाले, तर तेही खोटं बोलत नसतात.

दुसरी फसगत रोगाच्या स्वभावातली. इसब, सोरायसिस, पुळ्या यांना भरती-ओहोटी असते. माणूस मलम हातात घेतो तो भरतीच्या टोकाला, खाजेने झोप उडाली की. तिथून पुढे ओहोटी लागणारच असते, आणि श्रेय त्या दिवशी हातात असलेल्या ट्यूबला मिळतं. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या हातावर वेगवेगळी मलमं लावून तुलना केली, तर ही भरती-ओहोटी दोन्हीकडे सारखी राहते. अशा चाचण्या कमी माणसांत उरकतात. त्यांची अडचण एवढीच की रात्री झोपेत उजवा हात डाव्यावर घासला जातो, आणि औषध जिथे जायला नको तिथे जातं.

मग बरं झालं हे मोजायचं कसं? डॉक्टरांच्या बाजूने इसबासाठी ईएएसआय नावाचा गुणांक आहे. अंगाचे चार भाग, प्रत्येकात लाली, सूज, ओरखडे आणि कातडीचा जाडेपणा यांना ० ते ३ गुण, मग व्यापलेल्या क्षेत्राचा हिशोब, एकूण ७२. यातल्या ‘लाली’वर माझा राग आहे. सावळ्या आणि काळ्या कातडीवर दाह लाल दिसतच नाही. तो जांभळट, करडा किंवा नुसता आणखी गडद दिसतो. लाल शोधणारा डोळा अशा माणसाला कमी गुण देतो, म्हणजे रोग कमी समजतो आणि मलमही सौम्य लिहितो. अशा वेळी बोट फिरवून पाहावं. गरमपणा, फुगीरपणा आणि खरखर रंगावर अवलंबून नसतात.

पेशंटच्या बाजूने पोएम नावाची प्रश्नावली आहे, आणि घरी वापरायला तिच्याइतकं सोपं साधन नाही. सात प्रश्न: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती दिवस झोप मोडली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कातडी कोरडी वाटली. एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज ४. जास्तीत जास्त २८. दोन आठवड्यांत तीन-चार गुण उतरले तर काहीतरी खरंच घडतंय. एखाद-दुसरा गुण म्हणजे हवामानही असू शकतं.

याच मापाने काही लाडक्या समजुती गळून पडल्या. २०१८ साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत इसब असलेल्या ४८२ मुलांमध्ये अंघोळीच्या पाण्यात स्निग्ध द्रव टाकण्याचा उपयोग तपासला गेला. नेहमीच्या काळजीत त्याने भर पडेल एवढा फरक पडला नाही. २०२२ सालच्या दुसऱ्या चाचणीत ५५० मुलांना लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांपैकी एकेक दिलं, सोळा आठवडे. चौघांत उजवं-डावं करता आलं नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मूल जे मॉइश्चरायझर न रडता रोज लावून घेईल ते सर्वांत चांगलं. महागड्या डब्यांसाठी ही वाईट बातमी आहे.

घरी मलम पारखायचं असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. साबण, मलम आणि गोळी एकाच सोमवारी बदलली, की पुढच्या सोमवारी कुणाचं बरोबर हे देवालाही सांगता येणार नाही. पहिल्या दिवशी फोटो काढा: खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, ठरावीक अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून. नंतरचे फोटो त्याच खिडकीत, त्याच वेळी. ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहा. संपायला किती दिवस लागले यावरून डोस नीट गेला की नाही ते कळतं. आणि निकालाची तारीख सुरुवातीलाच ठरवा. स्टेरॉईडचा फरक इसबात एक-दोन आठवड्यांत दिसायला हवा. टॅक्रोलिमस या स्टेरॉईड नसलेल्या मलमाने पहिले काही दिवस आग होते, पुष्कळ जण तेव्हाच सोडतात. ती आग बहुधा आठवड्याभरात ओसरते. पुळ्यांवर ॲडापालीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडला आठ ते बारा आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं घेतलं तरी १० टक्क्यांच्या जवळपास काम करतं आणि जळजळ कमी करतं. उशीचा अभ्रा तेवढा पांढरा घ्यावा, रंगीत कापडावर त्याचे डाग जात नाहीत.

दोन दुखणी अशी आहेत की तिथे निकाल नेमका उलटा दिसतो. पहिलं नायटा. त्यावर स्टेरॉईडचं मलम लावलं, की दोन दिवसांत खाज थांबते, लाली मावळते, माणूस खूश. आत बुरशीला रान मोकळं मिळालेलं असतं. कडा पुसट होतात, चकत्या पसरतात, आणि मलम थांबवलं की दुप्पट जोराने उसळतात. मग तेच मलम पुन्हा. गोल चकती, कडेला जास्त पापुद्रे, मध्ये थोडी साफ, असं दिसलं तर मलमाआधी कडेचा पापुद्रा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. खरवडायचं कडेचंच, कारण बुरशी तिथे जिवंत असते. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉईड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक कोंबलेली मलमं निदान न करता उपचार करण्याची सोय म्हणून लोकप्रिय आहेत. माझ्या मते कातडीच्या दुखण्यांचं त्यांच्याइतकं वाटोळं फार थोड्या गोष्टींनी केलं असेल.

दुसरं खरूज. इथे मलम काम करतं आणि माणसाला वाटतं ते फसलं. ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बेंबीत, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत, जननेंद्रियांवर लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं, आठवड्याने पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळेला ३० ग्रॅमच्या आसपास. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो वा नसो. किडे मेले तरी त्यांच्या अवशेषांवरची ॲलर्जी दोन ते चार आठवडे खाजवत ठेवते. तेवढ्यात घाबरून माणूस रोज परमेथ्रिन फासतो, कातडी चिडते, खाज वाढते, आणि खरूज ‘औषधाला दाद देत नाही’ अशी नोंद होते. नवीन पुटकुळ्या येतायत का हे बघायचं, नुसती खाज मोजायची नाही. खरोखर फसतं तेव्हा कारण बहुतेक वेळा रात्री हात धुतल्यावर हातांना पुन्हा न लावणं हेच निघतं, नाहीतर घरातला एखादा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणारा.

मलमच दुखणं झालेलं असू शकतं. निओमायसिन हे प्रतिजैविक, सुगंधी द्रव्यं, मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक, यांची ॲलर्जी इसबासारखीच दिसते, आणि तिच्यावर तेच मलम आणखी जाड लावलं जातं. अंगावर राहणाऱ्या क्रीमबद्दल शंका असेल, तर हाताच्या आतल्या बाजूला रुपयाहून थोड्या मोठ्या जागेवर ते दिवसातून दोनदा, आठवडाभर, त्याच जागी लावून पाहावं. खाजरी पुरळ उठली तर उत्तर मिळालं.

आता मिनिटांचं घड्याळ. दोन घड्याळं एकाच वस्तूत भेटतात ती जागा म्हणजे मॉइश्चरायझरने माखलेले कपडे. रोज लावलेलं क्रीम चादरीत, कपड्यांत, पट्ट्यांत मुरतं आणि वाळतं. असं कापड ठिणगी लागली की साध्या कापडाहून फार लवकर आणि फार जोरात पेटतं. ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०१८ साली हा इशारा पॅराफिन असलेल्या-नसलेल्या सगळ्याच स्निग्ध मलमांना लागू केला. गरम पाण्याने धुतल्यावर थर कमी होतो, पूर्ण जात नाही. क्रीम बंद करायची गरज नाही. बिडी-सिगारेट, मेणबत्ती आणि गॅस यांच्यापासून ते कपडे लांब ठेवायचे.

भाजलं तर वाहतं थंड पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण दुखत्या माणसाला तीन मिनिटंही वीस वाटतात. सुरुवातीला जमलं नसेल तर तीन तासांपर्यंत केलं तरी उपयोग आहे. ऑस्ट्रेलियात २,४९५ भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वीस मिनिटं पाणी मिळालेल्या मुलांमध्ये कातडी-रोपणाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. आगीतून काढलं तरी कातडीच्या खोल थरांत उष्णता काही काळ नुकसान करत राहते. पाणी ती ओढून घेतं. बर्फ नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम खोल होते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढा. कपडे काढा, चिकटलेलं कापड सोडून. जखम थंड करायची, माणूस नव्हे: बाकीचं अंग चादरीत गुंडाळून ठेवा, विशेषतः लहान मूल असेल तर. मग क्लिंग फिल्मचा, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा, सपाट तुकडा वरून ठेवा. भोवती गुंडाळला तर सूज आल्यावर तोच आवळतो.

आणि मलम? डॉक्टरांनी बघेपर्यंत काही नको. टूथपेस्ट आणि तेल तर नकोच, पण भाजल्यावरचं म्हणून प्रसिद्ध असलेलं सिल्व्हर सल्फाडायझिनही नको. त्याचा पांढरा थर बसला की जखम किती खोल आहे ते दिसत नाही, आणि खोली ठरवायची तर तो खरवडावा लागतो.

मोठं भाजलेलं असेल, मोठ्या माणसात अंगाच्या १५ टक्क्यांच्या वर आणि मुलांत १० टक्क्यांच्या वर, तर शिरेतून द्रव लागतो, आणि इथे एक वेळेची चूक पुन्हा पुन्हा होते. पार्कलँड सूत्र सांगतं: वजन गुणिले टक्के गुणिले ४ मिलिलिटर, त्यातलं अर्धं पहिल्या आठ तासांत. ६० किलो, २० टक्के: ४,८०० मिली, पहिल्या आठ तासांत २,४००. हे आठ तास भाजल्यापासूनचे, दवाखान्यात आल्यापासूनचे नव्हेत. माणूस दोन तासांनी पोचला तर तेच २,४०० सहा तासांत, म्हणजे ताशी ४०० मिली. हल्ली पुष्कळ ठिकाणी मोठ्या माणसांना ४ऐवजी २ मिलीने सुरुवात करतात. शेवटी बाटली किती वेगाने चालवायची ते लघवी सांगते, किलोमागे ताशी अर्धा मिली. टक्के मोजताना नुसती लाल झालेली जागा धरायची नाही. ती धरली की हिशोब फुगतो आणि माणूस पाण्याने सुजतो.

मलम हेच तातडीचं औषध, असा एक अपवाद आहे: हायड्रोफ्लोरिक आम्ल. काच कोरायला, गंज काढायला वापरतात. कातडी जेमतेम लाल दिसते आणि माणूस वेदनेने कळवळत असतो, कारण फ्लोराइड आत शिरून कॅल्शियम बांधत जातं. रक्तातलं कॅल्शियम घसरलं तर हृदयाची लय बिघडते. आधी पाणी, लगेच २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. तयार नसेल तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या इंजेक्शनचे १० मिली आणि पाण्यात विरघळणारी जेली ३० मिली एकत्र करायची. हातमोज्यात भरून हात त्यात घालायचा आणि चोळत राहायचं. वेदना थांबणं हाच औषध पुरल्याचा पुरावा. म्हणूनच भूल देऊन बोट बधिर करण्याची घाई करू नये. तो पुरावाच पुसला जातो.

पुरळ उठली म्हणून माणूस मलम मागतो आणि मिनिटांचं घड्याळ तिथेही चालू झालेलं असतं. अंगभर गांधी, त्याबरोबर आवाज बसणं, श्वास लागणं, उलट्या किंवा चक्कर असेल तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, धरायची. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनलिन: मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ०.३, सहा महिने ते सहा वर्षं ०.१५. पाच मिनिटांत सुधारणा नाही तर पुन्हा. आडवं झोपवा, पाय वर. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसवा. उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. उठवल्याबरोबर हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत. अशा मृत्यूंच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय थांबायला लागलेला मध्यक वेळ इंजेक्शनातून आलेल्या औषधाने ५ मिनिटं, दंशाने १५, अन्नाने ३० असा निघाला. ॲलर्जीची गोळी गांधी उतरवते, गळा उघडत नाही. दहा-वीस टक्के रुग्णांत तर अंगावर काही उठतच नाही, तेव्हा गांधींची वाट बघणं हाही उशीरच.

थोडं मागे, पण त्याच रांगेत आणखी काही पुरळं. नवं औषध सुरू करून ४ ते २८ दिवस झालेत, कातडी खाजण्यापेक्षा दुखतेय, आणि तोंड, डोळे किंवा लघवीची जागा सोलवटतेय. ॲलोप्युरिनॉल, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटोइन, सल्फा ही नेहमीची नावं. औषध त्याच क्षणी बंद आणि मोठा दवाखाना. हा स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे औषधामुळे कातडी सोलून काढणारा जीवघेणा आजार, असू शकतो. इसबाच्या मुलाला ताप आणि एकाच आकाराचे, पंचिंग मशीनने पाडल्यासारखे गोल व्रण आले, तर तो नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचा, हर्पिसचा, संसर्ग आहे. तिथे मलम बदलत बसू नका, असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लागतं. आणि तापात उठलेले ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही मावळत नसतील तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. सावळ्या कातडीवर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतल्या बाजूला शोधा.

हे सगळं दवाखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनला उशीर होतो. त्याची कारणं बहुतेक फर्निचरमधली असतात. कपाटाला कुलूप आणि किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडे. ट्रेमध्ये ॲम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आहे पण जवळची सुई इन्सुलिनच्या सिरिंजची, जी स्नायूपर्यंत पोचत नाही आणि जिच्यावर मिलीऐवजी युनिट छापलेले असतात. लेबलवर एकास हजार आणि एकास दहा हजार अशी औषधाची प्रमाणं, आणि घामाघूम माणूस शून्यं मोजतोय. अमेरिकेत २०१६ पासून ॲड्रेनलिनच्या लेबलवर असं गुणोत्तर छापणं बंद झालं, फक्त मिलिलिटरमागे मिलिग्रॅम. जिथे जुनी लेबलं आहेत तिथे डब्याच्या झाकणाच्या आत जाड अक्षरांत चिकटवावं: १ मिलीत १ मिलिग्रॅम, मोठ्यांना अर्धा मिली, मांडीत. शेजारी १ मिलीच्या सिरिंजा, २५ मिलिमीटरच्या सुया, ॲम्प्युल किमान तीन. गुलाबी किंवा तपकिरी झालेली ॲम्प्युल फेकायची.

मग सराव. सभागृहात स्लाईड दाखवून होणारा नव्हे, तर मंगळवारी दुपारी, त्याच खोलीत, न सांगता. एक जण स्टॉपवॉच घेऊन तीन वेळा टिपतो: ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द कुणी मोठ्याने कधी उच्चारला, औषध हातात कधी आलं, सुई मांडीत कधी गेली. मी तिथे असेन तर पहिल्या टप्प्यावर लक्ष ठेवेन, कारण वेळ तिथे जास्त जातो. सगळ्यांना संशय आलेला असतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याने म्हणण्याची वाट बघत असतो. वेळा फळ्यावर ठिपक्यांनी मांडाव्यात, सरासरी काढू नये. नऊ वेळा दोन मिनिटं आणि एकदा चौदा, यांची सरासरी ३.२ येते आणि ते चौदा मिनिटांचं प्रकरण तिच्यात दडून बसतं. त्या एका ठिपक्याची चौकशी करायची, माणसाची नव्हे, वाटेची: किल्ली, ट्रे, दिवा, फोन. एक बदल करायचा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा स्टॉपवॉच.

सरावासाठी मुदत संपलेल्या ॲम्प्युल वापरल्या, तर सराव संपल्यावर त्या मोजून परत घ्याव्यात आणि वेगळ्या रंगाच्या डब्यात टाकाव्यात. खऱ्या ट्रेमध्ये एक जरी राहिली, तरी ती सापडते नेमकी तेव्हाच.